माठात कचरा नव्हता

घटस्थापनेनंतरचा सोमवार, सकाळची अकराची वेळ. जागा आमच्या गावच्या पाझर तलावाचा बांध, तालुका आटपाडी. हजर मंडळी अशी: परदेशातून आलेले नऊ पाहुणे, त्यांचा पुण्याचा दुभाषी, ग्रामसेवक, पाणी समितीचे अध्यक्ष आबा, आबांच्या घरच्या काकी, गावठाणातली माणसं. बांधाच्या खालच्या अंगाला आमच्या बौद्धवस्तीतल्या बाया. त्यांना तिथंच उभं राहायला सांगितलं होतं. त्या दिवशी ओतून दिलेलं पाणी: एक माठ आणि एक तांब्या. साधारण सतरा लिटर.

पाहुणे पाणी कसं वाचवायचं ते बघायला आले होते.

काही कोरड्या देशांनी मिळून एक कार्यक्रम काढला आहे. एकानं दुसऱ्याच्या गावात जायचं, तिथं काय जमलं ते बघायचं आणि आपल्या मुलखात करायचं. पैसा एका श्रीमंत देशाचा. आमच्या डोंगरावरचे चर त्यातूनच झाले. म्हणजे आखणी आणि यंत्र त्यांचं. जिथं यंत्र चढलं नाही तिथं खणलं आम्ही. श्रमदान. चरात पाणी मुरलं, तलाव भरला, विहिरी भरल्या. विहिरी ज्यांच्या त्यांच्या. आमच्या वस्तीत कुणाची विहीर नाही.

समितीत एक बाई हवी आणि एक मागासवर्गीय हवा, अशी अट होती. माझ्यात दोन्ही बसलं. बचत गटाचा हिशोब मी ठेवते, त्यात कधी चूक निघाली नाही, म्हणून गावालाही मी चालले. बैठकीत दाराजवळची खुर्ची माझी.

त्या सोमवारी तलावाचं जलपूजन झालं. समितीची म्हणून मी वर बांधावर होते. ऊन तापलं होतं. पाहुण्यांत केनियाची एक बाई होती, माझ्याच वयाची, अंगानं भारी. बांध चढून आली आणि तिला ठसका लागला. तिनं घशाला हात लावून खूण केली. माठ माझ्या हाताशी होता. मी तांब्या बुडवला, गुळाचा खडा घेतला आणि पुढं झाले.

काकींनी तांब्या माझ्या हातातून काढून घेतला.

"आगं, तू कशाला? मानसं हायत की वाढायला!"

तांब्यातलं पाणी त्यांनी बांधावर फेकलं. मग गावठाणातल्या दोघांनी माठ उचलला आणि तोही पालथा केला. आरडाओरडा नाही, शिवी नाही. सांडलेलं पीठ झाडून घ्यावं तसं केलं. हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की पाणी वाचवायचं बघायला आलेल्या नऊ माणसांसमोर आपण माठभर पाणी ओतून देतोय, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

केनियाच्या बाईच्या आलं. ठसका आवरत तिनं काहीतरी विचारलं. दुभाषी आबांना म्हणाला, "पाणी का ओतलं, असं विचारतायत."

आबांनी माझ्याकडं बघितलं. हसूनच.

"तूच सांग की. कचरा पडला व्हता म्हन."

कार्यक्रमाच्या पैशाचा दुसरा हप्ता यायचा होता. त्यात आमच्या वस्तीची पाइपलाइन होती. गावठाणात नळ आले, ओढ्याच्या अलीकडं आमच्याकडं नाहीत. त्या पाइपसाठी मी प्रत्येक बैठकीत तोंड उघडलं होतं. बांधाखालून माझी जाऊ वर बघत होती. चर खणताना तिचा गुडघा कायमचा गेला. तिला नळ हवा होता. मलाही.

मी म्हणाले, "कचरा पडला होता."

त्या बाईनं मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं.

नवरा लोणंदला कंपनीत असतो, पंधरवड्यानं घरी येतो. त्याला मी हे सांगितलं नाही. जावेनंही विषय काढला नाही. तिनं सगळं बघितलं होतं, आणि मी का बोलले तेही तिला कळलं होतं. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. एक अपमान, एक थाप, बदल्यात पाइप. मी हिशोबी बाई आहे. हिशोब जुळला होता.

थंडीत ग्रामपंचायतीत लॅपटॉप लावून बैठक झाली. पडद्यावर चार देशांची माणसं चौकटीचौकटीत. सगळ्या गावांसाठी एक पुस्तिका निघणार होती, तिचा मसुदा दुभाष्यानं मराठीत वाचून दाखवला. आमच्या गावावर दोन पानं. त्यात एक परिच्छेद होता स्वच्छतेच्या शिस्तीवर. या गावातले लोक पिण्याच्या पाण्याबाबत इतके काटेकोर आहेत की किंचित कचरा दिसला तरी माठ रिकामा करून धुतात. शेजारी माझा फोटो.

आबा खूश झाले. "बघ! तुजा फोटू पार तिकडं निघाला."

माझी थाप आता केनियातल्या बायांना शिकवणार होते. माझा अपमान, त्याला नाव शिस्त. आणि खाली साक्षीला मीच.

मी उभी राहिले. "सर, त्यांना सांगा. माठात कचरा नव्हता. माझा हात लागला होता."

दुभाषी म्हणाला, "ताई, हे आत्ता नको."

"जसं आहे तसं सांगा."

त्यानं सांगितलं नाही. मग मी लॅपटॉपपुढं गेले. मला येतं तेवढं इंग्रजी बोलले. "नो कचरा. वॉटर गुड. माय हँड." आणि पंजा कॅमेऱ्यासमोर धरला.

केनियाची बाई पुढं वाकली. तिनं काही विचारलं, दोनदा विचारलं. ग्रामसेवकानं लॅपटॉप मिटला. "नेटवर्क गेलं," म्हणाला.

आबा म्हणाले, "आमच्या इज्जतीचा पार पंचनामा केलास की."

"तुमच्या इज्जतीचा न्हाई आबा," मी म्हणाले, "माठाचा केला."

महिन्याभरात पैसे देणाऱ्यांचं पत्र आलं. चौकशी होईपर्यंत दुसरा हप्ता थांबवला आहे. कागदावर बरोबरच होतं ते. पण हप्त्यात आमचाच पाइप होता. गावठाणाचे नळ पहिल्या हप्त्यात झालेले. ते चालूच राहिले.

जाऊ दारात आली. उंबऱ्यावर बसलीसुद्धा नाही. "आक्का, तुमच्या खऱ्यानं हंडा भरत न्हाई. माजा गुडगा घिऊन मी अजून वढ्यापल्याड जायाचं का?"

खोटं बोलले तेव्हा खणणाऱ्या बायांना मी विकलं. खरं बोलले तेव्हा त्यांच्या नळाची तोटी मीच बंद केली. दोन्ही वेळा त्यांना विचारलं नव्हतं.

उन्हाळा लागला आणि आबा वस्तीत आले. माझ्या अंगणात पहिल्यांदाच. खुर्ची दिली, बसले. वस्ती दारादारांत उभी.

"एका वळीचा कागद हाय. गैरसमज झाला व्हता, एवढंच. सही कर, आठ दिसांत नळ देतो. माजा शबूद."

मी आत गेले आणि तांब्या भरून आणला. त्यांच्यापुढं धरला. "आबा, उन्हाचं आलाय. पाणी प्या. मग सही करते."

"आत्ताच च्या झालाय गं."

"एक घोट."

आबांनी तांब्याकडं बघितलं, मग वस्तीकडं. उठले, कागद घडी करून खिशात घातला आणि ओढ्याच्या दिशेनं निघून गेले. कुणी हसलं नाही. जावेनं दार लावून घेतलं.

ते पाणी प्याले असते तर मी सही केली असती. हे मला माहीत आहे आणि याचीही लाज वाटते. एका घोटावर मी पुन्हा सौदा करायला निघाले होते.

आता तो सौदाही नाही. आबा माठभर पाणी प्याले तरी सही नाही. चौकशीला जे कुणी येतील त्यांना काय झालं ते काकींसमोर सांगणार आहे. पुन्हा चर निघाले तर खणायला जाईन, पण श्रमदान म्हणून नाही, मजुरीवर. आणि या वेळी आधी वस्तीची बैठक, मग माझं तोंड.

तोवर जे द्यायचं ते मी देते. माझे हंडे आणून झाले की आणखी दोन खेपा करते. ते दोन हंडे जावेच्या दारात ठेवते. ती बोलत नाही. हंडे आत ओतून घेते आणि रिकामे बाहेर पालथे घालते. नळ येईपर्यंत हे दोन हंडे तिचे.