पाणघोड्याला ओ कोण देणार

कोन गावाजवळच्या रिसॉर्टात जैतू पाणघोडा सांभाळतो. एवढं मोठं धूड, पण पोहत नाही. हौदाच्या तळावर चालतं आणि झोपेतसुद्धा श्वासाला वर येतं. दिवसभर डोळे, कान, नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर. हायवेवर कंटेनरचा हॉर्न वाजला, की मात्र ते जबडा वासून डुरकतं. कळपातलं कुणी बोलावतंय, असंच त्याला वाटत असणार. पाहुणे खो खो हसतात.

"अरे येड्या, तो ट्रक हाय!" जैतू त्याच्यावर खेकसतो.

दिवाळीनंतर जैतूची कातकरवाडी वीटभट्टीवर जाते; मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि पाणघोड्यापायी जैतू. परतणाऱ्यानं ओढ्यापलीकडून कुकारा घालायचा आणि घरच्यानं ओ द्यायची, ही वाडीची रीत. यंदा जैतूची बायको मंगळी भट्टीवरच तापानं गेली. तिला मातीही तिकडेच दिली.

पावसाच्या तोंडावर वाडी परतली. एकेक कुकारा आला, घराघरातून ओ गेली. जैतू दारात नुसता बसून होता. सगळे आपापल्या घरात शिरले, तेवढ्यात हायवेकडून लांबलचक हॉर्न वाजला, आणि जैतू ताडकन उठून "ओ" म्हणाला.

वाडीत कुणीच हसलं नाही.