डासांची पहिली पिढी

मी नेमकं काय काम करते, हे आईला सांगणं मला जमत नव्हतं. सटाण्यात कुणी विचारलं, तर ती "पोरगी लॅबमध्ये हाय" एवढंच सांगायची. शेवटी ती नाशिक रोडला माझ्याकडे राहायला आली आणि म्हणाली, "चल, दाखव मला."

आमच्या प्रयोगशाळेला डेंगी पसरवणारे डास वाढवायचे होते. कोणत्या औषधाला ते दाद देत नाहीत, हे तपासायला सारख्या वयाचे पुष्कळ डास लागतात. त्यासाठी मी इंदिरानगरच्या सोसायट्यांमध्ये कूलरच्या टाक्या आणि कुंड्यांखालच्या थाळ्या धुंडाळून अळ्या गोळा करत होते. पहिल्या खेपेला पाण्यावर साय धरली आणि अळ्या मेल्या. दुसऱ्या खेपेला डास झाले, पण पातळ पडद्याआडून दिलेलं कोमट रक्त माद्या पिईनात. रक्ताशिवाय अंडी कुठून होणार? तिसऱ्या खेपेला त्या प्यायल्या आणि वाटीतल्या ओल्या कागदावर काळी, बारीक अंडी दिसली. ही अंडी सुकली तरी तगतात, पाणी मिळालं की फुटतात. सुकवून ठेवलेला तो कागद आई आली त्याच दिवशी पाण्यात सोडायचा होता.

माझ्या मॅडमनी आईला खुर्ची दिली. जाळीच्या पिंजऱ्यात डास साखरपाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यावर बसले होते.

"यांना साखर?" आईने विचारलं.

"नर नुसतं गोडच पितात, मावशी. चावतात त्या माद्या."

"म्हणजे आजवर मी कितीतरी बिनगुन्ह्याचे मारले!"

मेलेली मादी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तिच्या पायांवरचे पांढरे पट्टे बघून आई म्हणाली, "तोडे घातलेत की हिने!"

उकळून गार केलेल्या पाण्यात मी कागद सोडला. बराच वेळ काहीच झालं नाही. मॅडम चहा आणायला गेल्या. आई मात्र पांढऱ्या ट्रेवरून नजर काढायला तयार नव्हती.

"ओ माय! हालस ना हाई!" घरची अहिराणी एकदम तिच्या तोंडून सुटली.

मी वाकले. पापणीच्या केसाहून बारीक असा एक धागा वळवळत होता. शेजारी दुसरा, मग तिसरा, मग मोजता येईनात इतके. मी ओरडलेच. मॅडम चहाचे कप घेऊन धावत आल्या, निम्मा चहा बशीत सांडला, आणि आम्ही तिघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

"आता बारसं करायचं ना?" आई म्हणाली. मॅडमनी खरंच पेढे मागवले.

संध्याकाळी खोलीवर आईच्या दंडावर डास बसला. तिने हात उगारला आणि थबकली.

"हा तुमच्यातला तर नाय ना?"

"नाही गं, आमचे दोन दारांच्या आत असतात."

फट्!

प्रयोगशाळेतल्या त्या डासांच्या आता कितीतरी पिढ्या झाल्या, तपासण्याही सुरू झाल्या. आईचा फोन आला की आधी त्यांची चौकशी होते, मग माझी.