बर्फातला पाटा

आता हसणारच असाल तर हातातला चहा आधी संपवा. नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्याच माथी!

मी फारशी बोलत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. सासरी त्याला ‘गुणाची आहे हो’ म्हणतात. पण न बोलता माणूस केवढा घोळ घालू शकतो, ते मी न्यूझीलंडमध्ये करून दाखवलंय.

लग्नाला जेमतेम काही महिने झाले होते. आम्ही तिथल्या लोअर हट गावात राहायचो. निखिल एका छोट्या वर्कशॉपमध्ये इंजिनिअर. तिथे स्नोमोबाइलची कामं चालायची. स्नोमोबाइल म्हणजे बर्फातली मोटरसायकल समजा. पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा. खोल, भुसभुशीत बर्फात ती रुतू नये म्हणून निखिलने नवे गिअर बनवले होते. वेग जरा कमी, पण ओढ जबरदस्त. निदान कागदावर तरी!

ऑगस्टमध्ये, म्हणजे तिकडच्या ऐन थंडीत, दक्षिण बेटावरच्या एका डोंगरात चाचणी ठरली. पास झाली तर निखिलची नोकरी पक्की. नाही झाली, तर मालक बॅरी नवा माणूस बघणार. निखिल म्हणाला, “तूही चल, बर्फ बघशील.” बर्फ कसला बघतेय? मी त्याचं पडलेलं तोंडच बघत होते.

सकाळी जुन्या गिअरवर गाडी चढ चढली आणि जिथे रुतली तिथे बॅरीने लाल काठी रोवली. “नवे गिअर हिच्या पुढे गेले पाहिजेत, मेट!”

दुपारी पायथ्याच्या शेडमध्ये निखिलने गिअर बदलले. दोघं आत ‘पाय’ नावाची तिकडची खिमा भरलेली पेस्ट्री खायला बसले. मी आपली बाहेर ओढ्याकाठी. आणि तिथे काय पडलं होतं माहितेय?

पाटा! अहो, खराखुरा पाटा! राखाडी, सपाट, मधे किंचित खोलगट. टाकी लावायची तेवढी बाकी. शेजारी वरवंट्यासारखा लांबट गोटासुद्धा!

लग्न झाल्यापासून निखिलचं एकच पालुपद, “मिक्सरच्या चटणीला आईच्या पाट्यावरची चव नाही गं.” मग मी तो दगड सोडणार होते का? तो उचलला कसा, ते माझ्या कमरेला विचारा. पण बॅरीसमोर कसं सांगायचं, नवी नवरी दगड वेचतेय म्हणून? आमची युट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली मोटार, खाली रस्त्यावर, लांब. स्नोमोबाइलच्या मागे सामानाची पेटी होती. दोन्ही दगड माझ्या लग्नातल्या शालीत गुंडाळले, पेटीत ठेवले आणि झाकण लावलं. घरी परतलो की चटणी वाटून थेट पानातच वाढायची, असा बेत!

निखिल निघाला. गाडीचं बूड खाली बसलं, स्की हवेत, पट्टा बर्फ खणतोय नुसता! काठीच्या कितीतरी अलीकडे गाडी रुतली. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच.

“चेन सैल असेल,” निखिल म्हणाला. गारठलेल्या बोटांनी त्याने सगळं उघडलं, तपासलं, बसवलं. पुन्हा तेच.

आता मला कळायला लागलं होतं.  ‘सांग, सांग,’ मन म्हणत होतं. पण इतका वेळ गप्प राहिल्यावर तोंड उघडायचं कुठल्या तोंडाने?

बॅरीने मान हलवली. “सॉरी, मेट. जुनेच बरे.”

 पाना ठेवायला निखिलने पेटी उघडली. आणि माझी मोरपिशी शाल बाहेर आली.

शाल ओळखीची. चोर पकडायला आणखी काय लागतं?

“अनघा, हे काय आहे?”

“पाटा.”

“पाटा?”

“आणि वरवंटा.”

बॅरी वाकून बघायला लागला. “व्हॉट्स इट फॉर?”

दिवसभरात त्याच्याशी मी ‘किया ओरा’ या तिकडच्या नमस्कारापलीकडे एक शब्द बोलले नव्हते. दुसरा शब्द बोलले, “चटणी.”

बर्फात गाडून घ्यावंसं वाटलं हो! बर्फ तर हवा तेवढा होता. निखिल माझ्याकडे बघेना. त्याने दगड उतरवले, गाडी सुरू केली. आणि गाडी काय सुटली! लाल काठी मागे टाकून पार डोंगराच्या धारेवर!

“स्वीट ॲज!” म्हणजे ‘एकदम झकास’ म्हणत बॅरी नाचलाच. नोकरी पक्की झाली. मी हळूच शाल आवरून दगडांकडे हात नेला, तर बॅरीने ते स्वतःच उचलले. “हे वर्कशॉपला. चाचणीत वजन म्हणून टाकायला उत्तम टेस्ट लोड!” नाही म्हणायला मला तोंड होतं का?

पुढे एकदा निखिलचा डबा घरी राहिला म्हणून वर्कशॉपवर गेले. आतून बॅरीचा आवाज आला, “पेटीत किती वजन टाकलंस?”

आणि माझा नवरा, माझा सख्खा नवरा, ओरडून म्हणतो, “दीड अनघा!”

डबा दारातच ठेवला आणि आल्या पावली परत फिरले. डब्यात चटणी होती. मिक्सरचीच.