तेरा गुणांचा वाकस

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा. सातवीत शाळा सोडून तो वडिलांबरोबर सुतारकामाला बसला, म्हणून मी शिकलो आणि आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. हात थरथरतो, काम बंद केलं, म्हणाला. हत्यारं भंगारवाल्याला द्यायची होती. "तुझ्यासाठी काही ठेवू का? कागदावर लिहून पाठव." ही त्याची जुनी सवय. दरवाजाचं माप असो की लग्नाची यादी, तोंडी सांगितलेलं तो धरत नाही. आठ दिवस मी काहीच लिहिलं नाही. इथे आखातात, अल हिलालच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी रंधा आणि करवत ठेवणार कुठे?

शुक्रवारी दुपारी मुलीबरोबर इंग्रजी शब्दांचा खेळ मांडला. पटावर अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द करायचा, प्रत्येक अक्षराचे गुण वेगळे. ती बारा वर्षांची आहे. मराठी समजते, उत्तर अर्धंमुर्धं इंग्रजीत देते. म्हणून आमच्या घरी एक जादा नियम आहे: मराठीत अर्थ सांगितल्याशिवाय गुण नाहीत.

तिनं ए, डी, झेड लावले. "अ‍ॅड्झ. एक, दोन आणि दहा. थर्टीन. खलास, बाबा."

"अर्थ?"

"नो आयडिया. झेड संपवायला सगळे हाच लावतात."

"मग गुण नाहीत."

"तुला तरी येतो का?"

मलाही येत नव्हता. तिनं फोनवर शोधून वाचून दाखवलं. लाकूड तासायचं हत्यार, पातं दांड्याला आडवं. शब्द हजार वर्षांहून जुना, जुन्या इंग्रजीतला. त्याच्या मागचं मूळ कुणाला सापडलेलं नाही. खाली चित्र होतं.

"वाकस," मी म्हणालो.

"मीन्स?"

मी लोड खाली घेतला, त्यावर एक पाय ठेवला आणि दादासारखा वाकलो. "ओंडका असा पायाखाली धरायचा. घाव स्वतःच्या पायाकडेच येतो. जरा चुकलं की नडगी. काकांच्या नडगीवर खूण आहे ना?"

"ही टोल्ड मी कुत्रा चावला."

"मुलांना तो तसंच सांगतो."

"तू वापरलायस?"

नाही. रंध्याला, करवतीला दादा मला हात लावू द्यायचा. वाकस उचलला की मात्र हातातून काढून घ्यायचा. "ठेव तो. तुला पेन धरायचंय." तेव्हा मला त्याचा राग यायचा.

मी तिच्या नावावर तेरा गुण लिहिले आणि त्याच वहीचं पान फाडून पत्राला बसलो.

ती. स्व. दादास,
सा. न.
तू म्हणालास म्हणून कागदावर लिहितो. रंधा, करवत, पटाशा तुला वाटेल त्याला दे. वाकस देऊ नको. शाळेला सुट्टी लागली की आम्ही येतो. येताना पातं सामानात घालून इकडे आणीन. त्याआधी एकदा, तू शेजारी उभा राहून, मला तो चालवू दे. पाय कुठे ठेवायचा ते सांग. पेन धरून झालं आता.
खालची ओळ पोरीची आहे. मी दुरुस्त केलेली नाही.
काका, वाकस ठेवा. आणि मला कुत्र्याची खरी गोष्ट सांगा.