व्याख्येत बसलेलं पोर

पवईला एका इमारतीत, तलावाकडे पाठ करून, मी शब्दांच्या व्याख्या लिहिते. जीवशास्त्रातल्या शब्दांच्या. जगभरच्या प्रयोगशाळांतली माहिती संगणकाला एकाच भाषेत कळावी म्हणून शब्दांची एक भलीमोठी उतरंड रचलेली आहे, मोठा शब्द वर, त्याच्या पोटातले लहान शब्द खाली. वरच्या शब्दाच्या व्याख्येत जे सांगितलं ते खालच्या सगळ्यांना आपोआप लागू होतं, म्हणून खाली ते पुन्हा सांगायचं नाही. हे काम मी कुणालाही समजावलं की तो "अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. माझी सासू सोसायटीत "ती कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते. तेच बरं.

आमच्याकडे व्याख्या एकीने लिहायची आणि दुसरीने मोडायची, अशी पद्धत आहे. मोडायची म्हणजे, जे त्या व्याख्येत बसायला नको ते बसवून दाखवायचं. मी लिहिणारी. मोडणारी माझ्या समोर बसते. ती गोराईची, कोळ्यांच्या घरातली. तिची आई अजून बोरिवलीला मासळी विकायला बसते आणि फटकळपणा दोघींचा सारखाच. माझ्याइतकीच शिकलेली, माझ्याच वयाची, आणि माझं वाक्य पहिल्या फटक्यात पास करणं तिला जणू कमीपणाचं वाटतं. सुरुवातीला मला तिचा भयंकर राग यायचा. मग तिच्या 'नाही'ची सवय झाली आणि त्याशिवाय करमेना.

चौदा वर्षांपूर्वी आमच्या वाट्याला आले ते एकमेकांत किंवा एकमेकांवर राहणाऱ्या जीवांचे शब्द. ज्याच्या आत किंवा अंगावर दुसरा राहतो तो होस्ट, आणि जो राहतो तो सिम्बायॉन्ट. मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं की सिम्बायॉन्टला फायदा होतो. ती म्हणाली, "आई कालवं फोडते ना, कधीकधी आत मटाराएवढा खेकडा निघतो. जिवंत. तो कालवाचं खातो, का नुसता भाड्याने राहतो, तू बघितलंयस? मग फायदा-तोटा काढ." काढला. मग मी लिहिलं, दोन जीव दीर्घकाळ अगदी निकट राहतात. त्यातला मोठा तो होस्ट, आणि त्याच्या आत किंवा अंगावर राहणारा लहान तो सिम्बायॉन्ट. सुटसुटीत झाली होती. मी स्वतःवर खूश होते.

तेव्हा मला चौथा महिना होता. ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं, पण हिला कळलं होतं, कारण तिचा बोंबलाचा डबा उघडला की मी उठून जायचे. तिने माझी व्याख्या वाचली, माझ्या पोटाकडे बघितलं आणि टेबलावर हात आपटला.

"अगं, तुझं पोर बसतंय ह्यात! आत राहतंय, लहान आहे, नऊ महिने जागा सोडत नाही. झकास सिम्बायॉन्ट!"

आम्ही इतक्या हसलो की पलीकडचे लोक मान वर करून बघायला लागले. त्याला बाहेर ठेवण्यासाठी मी व्याख्येत भर घातली, 'वेगवेगळ्या प्रजातींचे' दोन जीव. इंग्रजीत ते तीनच शब्द होतात. ते घातल्यावर तिला मोडायला काही सापडलं नाही आणि व्याख्या उतरंडीत गेली.

नाव मात्र चिकटलं. रोज सकाळी ती यायची आणि पर्स ठेवायच्या आधी विचारायची, "काय म्हणतोय सिम्बायॉन्ट?" मी घरी सांगितलं तर नवऱ्यानेही तेच धरलं. मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी डोसेवाला आहे, तिथे उभा राहून तो फोन करायचा, "सिम्बायॉन्टला साधा चालेल का मसाला?" खरी नावं काढायला अजून वेळ आहे, असं आम्ही म्हणत होतो.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफीला गेलो आणि डॉक्टरीणबाईने स्क्रीन माझ्यापासून वळवून घेतली. पुढचं मी लिहीत नाही. लोक म्हणाले, पुन्हा होईल. पुन्हा झालं नाही.

कामावर परत आले तर समोर बसणारी तीच, पण पार बदललेली. मी व्याख्या लिहायची, पाठवायची, आणि तिचं उत्तर यायचं, "चालेल." दुसरी पाठवली, "छान आहे." माझ्या व्याख्या चांगल्या नव्हत्याच, मला दिसत होतं. तरी चालेल, चालेल. बोंबील आणणंही तिने बंद केलं होतं, आता मला वासाचं काहीएक नव्हतं तरी. मी आठवडाभर सोसलं. मग मुद्दाम एक असली व्याख्या लिहिली की तिच्यात कपबशीसुद्धा होस्ट आणि सिम्बायॉन्ट म्हणून बसली असती. उत्तर आलं, "ठीक आहे."

मी उठले आणि तिच्या टेबलाशी जाऊन ओरडले, "मोड ना गं! माझं पोर गेलंय, अक्कल नाही गेली."

तिचे डोळे भरून आले. नाक पुसत तिने ती व्याख्या पुन्हा उघडली आणि म्हणाली, "कपबशी बसतेय ह्यात. वाट लावलीयस तू." त्या दिवसापासून आमचं काम पहिल्यासारखं सुरू झालं.

फक्त एक गोष्ट परत आली नाही. सिम्बायॉन्ट हा शब्द तिने माझ्यासमोर पुन्हा उच्चारला नाही. 'तो दुसरा' म्हणायची, 'लहान पार्टी' म्हणायची. बाकी सगळं ऑफिस तो शब्द दिवसभर म्हणत असे, कारण कामच ते, आणि मला कुणाच्याही तोंडून काही वाटत नसे. ते जंतूंबद्दल बोलत असत. माझ्या पोराला त्या नावाने विचारणारं आता कुणी उरलं नव्हतं. नवरा तर तो विषयच काढत नाही. मला मात्र अजून कुणीतरी विचारावंसं वाटायचं, काय म्हणतोय म्हणून. फार वाटायचं. आणि कधी अगदीच करमेनासं झालं की मी ती व्याख्या उघडून ते तीन शब्द बघायचे. त्याचा फोटो नाही, नाव नाही, कपडे आणले नव्हते. तो होता म्हणून जगात काही बदललं असेल, तर तेवढंच.

गेल्या महिन्यात व्याख्यांची फेरतपासणी झाली. परदेशातला एक सहकारी व्हिडिओवर होता, सज्जन माणूस. आमच्या व्याख्येशी येऊन तो थांबला. आता वरच्या शब्दातच भिन्न प्रजाती म्हटलेलं आहे, तेव्हा इथले तीन शब्द जादा होतात, काढायचे का, असं त्याने विचारलं.

माझ्या काही बोलण्याआधीच समोरची बोलायला लागली. नको म्हणाली. ते शब्द असू देत, वाचणाऱ्याला सोयीचं पडतं, वरचा शब्द उद्या कुणी बदलला तर काय घ्या. एकही मुद्दा धड नव्हता. उभ्या जन्मात असं लंगडं बोलणं तिने कुणाचं चालवून घेतलं नसतं. तो माणूस गोंधळून ऐकत होता आणि ती माझ्याकडे न बघता रेटत होती.

"काढा," मी म्हटलं. "बरोबर आहे तुमचं." काम माझं होतं आणि नियम मला पाठ होता. त्याने शब्द काढले, ओळ आखूड झाली आणि आम्ही पुढच्या शब्दावर गेलो.

संध्याकाळी आम्ही दोघी तलावाच्या कठड्याशी चहा घेऊन उभ्या राहिलो. तिने तिचा चहा संपवला. मग पाण्याकडे बघत तिने विचारलं,

"कितवीत असता गं आता सिम्बायॉन्ट?"

मी माझा कप कठड्यावर ठेवला.

"आठवीत," मी म्हटलं. "गणिताला क्लास लावावा लागला असता."

"काही नाही," ती म्हणाली. "बापावर गेला असता तर नसता लागला."