आप्पांच्या विमानाची उचकी

आप्पा माझ्याशी पहिल्यांदा बोलले ते माझ्या स्कूटरबद्दल. नेवासा तालुक्यातल्या त्या गावात हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला मी नुकताच आलो होतो. रस्त्याच्या कडेला पायजमा, खाकी शर्ट आणि खांद्यावर पंचा अशा वेशातला एक उंच म्हातारा हात आडवा करून उभा होता. मला वाटलं, पुढच्या फाट्यापर्यंत यायचं असेल. थांबलो, तर म्हणाले, "बंद करू नका. चालू ऱ्हाऊ द्या." मग मान तिरकी करून ते नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे ऐकत राहिले. शेवटी विचारलं, "प्लग कवा बदलला हुता?" मी म्हणालो, आठवत नाही. "तेच सांगतंय ते बिचारं. जावा आता."

माझं नाव त्यांनी विचारलं ते बऱ्याच दिवसांनी. तोवर माझी ओळख 'खराब प्लगवाले मास्तर' अशीच होती.

आप्पा हवाई दलात इंजिनाचे फिटर होते. उभी नोकरी त्यांनी दुसऱ्यांनी उडवायची विमानं नीट करण्यात घालवली आणि निवृत्त होऊन गावी आल्यावर जाहीर केलं की आता एक विमान घरचं. लोकांनी हसून सोडून दिलं. सुमनकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मात्र ते सोडून देता येईना, कारण कांद्याच्या चाळीत पंख येऊन पडले होते. "कांदा कुठं ठेवायचा, ते तरी सांगा," त्या विचारायच्या. आप्पा शांतपणे म्हणायचे, "पंखाखाली ठेव. सावली हाय."

मी शाळा सुटली की तिकडे जाऊ लागलो. माझं काम शेपूट धरायचं आणि पाना हातात द्यायचा. विमान दोन माणसांचं, एकामागे एक बसायचं, नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेलं. इंजिन मात्र अपघातात चेंदलेल्या एका परदेशी मोटारीतून काढून आणलेलं, रोटरी जातीचं. त्यात पिस्टन वरखाली होत नाही. आत समोशाच्या आकाराचा तिकोनी रोटर गरगर फिरतो. आप्पांना या समोशाचं फार कौतुक. "एवढंसं हाय, पन दम बघा त्याचा!" आणि एका रोटरला दोन प्लग, दोन वेगळ्या ठिणग्या. एक दमली तर दुसरी सांभाळून घेते.

शेतातल्या मुरमाच्या पट्टीवर विमान पहिल्यांदा धावलं तेव्हा ऊसतोडीला आलेली मंडळी कोयते टाकून बघायला आली. छान धावलं. आणि साधारण चहा उकळून प्यायला लागतो तेवढा वेळ गेल्यावर इंजिनाने उचकी दिली. मग दुसरी. मग ठसकाच लागला.

त्या दिवसापासून आप्पांच्या विमानाला उचकी लागते ही बातमी शिंगणापूरच्या पेढेवाल्यांपर्यंत गेली. काकू म्हणाल्या, "पयला मालक आठवन काढत आसंल त्याची." शेजारचे एक जण गंभीरपणे सुचवून गेले की शनिवारी देवाला तेल वाहा. आप्पा तितक्याच गंभीरपणे म्हणाले, "आरं, हे इंजिन सोताच तेल पितं. पेट्रोलात मिसळून रोज वाहतोय की मी." ते खोटंही नव्हतं. त्या समोशाच्या टोकांना सतत थोडं तेल लागतंच.

मला वाटलं, नवे प्लग, नव्या कॉइल, नव्या वायरी, सगळं एकदम टाकावं आणि मोकळं व्हावं. आप्पांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी जोडाक्षर चुकीचं लिहिलं होतं.

"एका येळेला एकच, मास्तर. समजा सगळं बदललं आन उचकी थांबली. कशानं थांबली? आन वर गेल्यावर परत लागली, तर कुनाला इचारू? ढगाला?"

त्यांनी आधी प्लग बदलले. उचकी आली. तर नवे प्लग काढून जुने परत बसवले आणि मग कॉइल बदलली. उचकी आली. कॉइलही परत जुनी. मग एक ठिणगी बंद ठेवून दुसरीवर इंजिन चालवलं, मग उलट. दोन्ही वेळेला उचकी तशीच. आप्पा खूश झाले. मला कळेना, यात खूश होण्यासारखं काय आहे.

"दोघी भैनी एकाच दिवशी, एकाच मिनटाला आजारी पडत न्हाईत. ठिनगी बरी हाय. पोटात काय तरी हाय."

पोट म्हणजे पेट्रोल. पंप तपासला, गाळणी धुतली, नळी एक्झॉस्टपासून लांब घेतली, प्रत्येक गोष्ट एकेकटी. उचकी कायम.

तेवढ्यात गावची यात्रा आली. सरपंचांनी आप्पांना न विचारता सगळीकडे सांगून टाकलं की यात्रेच्या सकाळी विमान उडणार. त्या दिवशी पट्टीच्या दोन्ही बाजूंना माणूसच माणूस. भेळेच्या गाड्या लागल्या. कुणीतरी बॅंडही आणला. आप्पांनी आधीच सांगितलं होतं की परवानग्या आल्या नाहीत, मी उडणार नाही, फार तर पट्टीवर फिरवून दाखवीन. विमानाने दोन फेऱ्या मारल्या, शिट्ट्या वाजल्या, आणि तिसऱ्या फेरीला एकच उचकी आली. बॅंडच्या आवाजात ती बाकी कुणाला ऐकूही गेली नाही. आप्पांनी इंजिन बंद केलं आणि खाली उतरले.

सरपंच धावत आले. "आप्पा, आवो एका उचकीनं काय हुतंय? थोडं तरी उचला की, लोकं लांबून आलीत!"

"जमिनीवर काय न्हाई हुत," आप्पा म्हणाले.

गर्दी हसली. कुणीतरी 'पाणी पाजा, पाणी पाजा' असं ओरडलं. विमान ढकलत चाळीकडे नेताना आप्पांचे कान लाल झालेले मी पाहिले. शनिदेवाच्या राखणीवर विसंबलेल्या आमच्याकडच्या बऱ्याच घरांसारखी त्यांच्या चाळीलाही दारं नव्हती. त्या दिवशी तिला एक दार असायला हवं होतं असं मला वाटलं.

दुपारी काकूंनी ताटं वाढली. आप्पा जेवता जेवता थांबले.

"मास्तर, उचकी लागल्यावर आपन काय काय करतो? वळीनं सांगा."

"इंजिन बंद करतो. टाकीचं टोपण काढतो. काडी बुडवून पेट्रोल बघतो. टोपण लावतो. पुन्हा चालू करतो."

"आन मग?"

"मग छान चालतं. थोडा वेळ."

"टोपन तुमीच काढता. आवाज येतो?"

"येतो की. फुस्स करतं."

आप्पांनी हातातला घास ताटात ठेवला. "आवो, इतके दिवस ते फुस्स तुमी एकल्यानंच ऐकलं व्हय?" आणि खरकट्या हाताने ते चाळीत पळाले.

टाकीच्या वर हवा आत यायला करंगळीहून बारीक एक नळी होती. पेट्रोल जसं संपेल तशी तिथून हवा आत यायला हवी. हवा आलीच नाही तर टाकी पेट्रोल धरून बसते आणि इंजिनाला घोट मिळत नाही. आप्पांनी तारेने नळी टोकरली. आधी वाळलेली माती पडली, मग एक मेलेला कोळी, आणि शेवटी एक गुबगुबीत पांढरी अळी. कुंभारमाशीने तिथे घर बांधलं होतं. टोपण उघडलं की टाकीला श्वास मिळायचा, म्हणून थोडा वेळ सगळं बरं.

आप्पांनी अळी तळहातावर घेतली. "तू व्हय गं बाई! जागा तर झकास निवडलीस."

विमान धावलं, एका चहाएवढा वेळ उलटला, दुसऱ्या चहाएवढाही उलटला. उचकी नाही. मी पेढे आणायला निघालो, तर आप्पांनी थांबवलं आणि ओल्या मातीचा गोळा करून ती नळी स्वतःच्या हाताने पुन्हा बुजवली. मी ओरडलोच. काही वेळाने इंजिनाने उचकी दिली. माती काढली, उचकी गेली. तेव्हा कुठे ते म्हणाले, "आता आना पेढे." दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडाला बारीक जाळी बसली.

परवानग्या आल्या त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला. पुण्याहून हवाई दलातल्या निवृत्त वैमानिक बाई आल्या. त्यांनी विमान सकाळभर तपासलं आणि सांगितलं की पहिलं उड्डाण मी एकटी करणार. आप्पा अडून बसले. "इंजिन माझं हाय, मॅडम. मागं मी बसनार." बाई म्हणाल्या, "आप्पा, नोकरीत असताना पहिल्या चाचणीला तुम्ही कुणाला मागे बसू दिलं असतं का?" आप्पांनी मागच्या रिकाम्या सीटचा पट्टा स्वतःच आवळून बांधला.

विमान पट्टी सोडून वर गेलं तेव्हा सगळे माना वर करून बघत होते आणि आप्पा पाठ फिरवून बाभळीकडे तोंड करून उभे होते. विमान प्रवरेच्या बाजूला लांब गेलं, आवाज बारीक होत होत ऐकू येईनासा झाला. आप्पांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की वळ उठले. मग आवाज परत आला, सरळ, एकसारखा. त्यांनी हात सोडला तो विमान जमिनीला टेकल्यावरच.

बाईंनी पुढची उड्डाणंही एकटीनेच केली आणि समाधान झाल्यावर एका सकाळी आप्पांना हाक मारली. आप्पांनी शर्टाची वरची गुंडी लावली आणि मागच्या सीटवर चढले. गावावर, नदीवर, उसावर दोन मोठ्या घिरट्या झाल्या. उतरल्यावर काकू पुढे झाल्या. त्यांच्या आवाजात आयुष्यभराची धास्ती होती.

"कसं दिसलं वो आपलं घर?"

"दिसलं की. पत्र्यावर तुझ्या कुरडया वाळत्यात ना, त्यावर कावळे बसलेत. पळ."

काकू पदर खोचून खरंच पळाल्या. आप्पा जाऊन आता वर्ष होत आलं, पण मला ते आठवतात ते त्या क्षणाचे. एक हात गरम इंजिनावर ठेवलेला, दुसऱ्या हाताने पंच्याने डोळे पुसत होते. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले,

"वर वारं लई हाय, मास्तर."