रिकाम्या घराचं दार

लातूरला मुलीचा क्लास सुटेपर्यंत मी शेजारच्या नेटकॅफेत बसत असे. कॅफेवाला किल्लारीकडचा. गिऱ्हाईक नसलं की तो संगणकावर एकच खेळ खेळायचा. त्यात आपण वाटसरू होऊन गावोगाव फिरतो आणि वागू तसा कोपऱ्यातला एक आकडा वाढतो किंवा घटतो. त्या आकड्याला तो नेकी म्हणायचा. रिकाम्या घरातून काही उचललं, तर कुणी पाहिलं नसलं तरी दहा गुण जात.

तो मात्र पडद्यावरच्या प्रत्येक दाराशी थांबून मोठ्याने विचारायचा, "हाय का कुणी आत?" आणि उत्तराची वाट पाहायचा.

एका संध्याकाळी कॅफेत आम्ही दोघंच होतो. त्याच्या वाटसरूला विष चढलं होतं आणि औषध समोरच्या रिकाम्या घरात होतं. वाटसरू मेला, तर या डावातला चार महिन्यांचा खेळ पुसला जाणार होता.

"घ्या की," मी म्हणालो. "नेकीच्या नव्वदातले दहा गेले तरी ऐंशी उरतात."

"हिशोब बरोबर हाय, साहेब. भूकंपानंतर मीबी एका पडक्या घरातनं हंडा उचलला. रिकामं समजून. तर आतनं कुणीतरी पाणी मागितलं."

"मग?"

"हंडा घेऊन पळालो."

त्याने माऊसवरचा हात काढून घेतला. वाटसरू उंबऱ्याशी कोसळला. तेवढ्यात पडद्यावरचं ते दार आतून हळूच उघडलं.

"इतकी वर्षं दारोदार विचारत आलो," तो म्हणाला. "आज उघडलं."

त्या हंड्याच्या बदल्यात चार महिन्यांचा खेळ त्याने देऊन टाकला. तो घ्यायला पडद्यावरच्या त्या दारात कोण आलं, ते पाहायला मी थांबलो नाही.